वाफेच्या रेल्वे इंजिनांचा जीर्णोद्धार

वाफेच्या रेल्वे इंजिनांचा जीर्णोद्धार म्हणजे सेवेतून निवृत्त झालेले किंवा दीर्घकाळ उघड्यावर उभे राहिलेले वाफेचे इंजिन उलगडून, तपासून, झिजलेले भाग दुरुस्त करून अथवा नव्याने घडवून ते पुन्हा धावण्याजोग्या किंवा निदान जतन करण्याजोग्या स्थितीत आणण्याचे काम होय. हे काम प्रामुख्याने जुन्या रेल्वे कार्यशाळांत चालते, कारण त्यासाठी लागणारी मोठी लेथ, भट्ट्या, क्रेन आणि ओतशाळा अन्यत्र क्वचितच एकत्र आढळतात. महाराष्ट्रात या विषयाशी परळ आणि कुर्डुवाडी येथील कार्यशाळा, नेरळ–माथेरान रेल्वे आणि नागपूरचे मोतीबाग ही ठिकाणे निगडित आहेत. जीर्णोद्धार हा शब्द मराठीत मुख्यतः देवळांसाठी वापरला जातो. इंजिनाच्या बाबतीतही तो योग्यच आहे, कारण येथेही कोणता दगड ठेवायचा आणि कोणता बदलायचा, हाच प्रश्न शेवटी उभा राहतो.

पार्श्वभूमी

भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटर अंतरावर धावली. ती ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने इंग्लंडमधून आणली होती. इंजिने समुद्रापलीकडून येत असली तरी त्यांची दुरुस्ती येथेच करावी लागे आणि त्यातूनच रेल्वे कार्यशाळा उभ्या राहिल्या. बिहारमधील जमालपूर येथे १८६२ साली, तर मुंबईत परळ येथे १८७९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कार्यशाळा सुरू झाली. अजमेरच्या कार्यशाळेने १८९५ साली एफ-७३४ हे संपूर्ण इंजिन देशातच बांधून दाखवले. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या हातांनी तीस-चाळीस वर्षांत बांधणीचे ज्ञान कमावले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्तरंजन येथील कारखान्यात १९५० पासून वाफेची इंजिने तयार होऊ लागली. तेथील शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन, ‘अंतिम सितारा’, १९७० साली बाहेर पडले आणि १९७२ साली मीटरगेजचे शेवटचे इंजिनही तयार झाले. त्या कारखान्याने एकूण २,३५१ वाफेची इंजिने बांधली. ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची सेवा डिसेंबर १९९५ मध्ये जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली. विदर्भात ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूर्तिजापूर–यवतमाळ गाडीचे मँचेस्टरमध्ये बांधलेले इंजिन १९९४ साली काढून घेण्यात आले. यानंतर बहुतेक इंजिने भंगारात गेली. काही रेल्वे कार्यालयांसमोर चौथऱ्यावर उभी राहिली आणि अगदी थोडी पुन्हा तापवण्यात आली.

बार्शी लाईट रेल्वे आणि कुर्डुवाडी

बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील चौसाळा परिसराला वाफेच्या गाडीचा सर्वांत जवळचा परिचय बार्शी लाईट रेल्वेमुळे झाला. चौसाळ्याहून येरमाळ्यावरून दक्षिणेस जाणारा रस्ता येडशीला पोहोचतो आणि येडशी हे या लोहमार्गावरचे स्थानक होते. बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला रेल्वे पूर्वीपासून होती, परंतु बीड शहरात प्रवासी गाडी २०२५ साली पोहोचली. त्यामुळे बालाघाटावरील या पट्ट्यातील कित्येक पिढ्यांनी वाफेचे इंजिन पाहिले ते बार्शी, येडशी किंवा लातूरला गेल्यावरच.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे आखली. तो त्यापूर्वी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत होता. (पुढे त्याने विमानातून उडी घेण्यासाठीची हवाई छत्रीही विकसित केली.) बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारे ३५ किलोमीटरचा टप्पा १८९७ साली सुरू झाला. पंढरपूरचा फाटा १९०६ साली, लातूरचा १९११ साली आणि मिरजेचा १९२७ साली खुला झाला. पूर्ण झाल्यावर मार्गाची लांबी सुमारे ३२५ किलोमीटर होती. रुळांमधील अंतर दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते.

कॅलथ्रॉपचे तत्त्व साधे होते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. असे केल्यास हलके, यार्डाला ३५ पौंड वजनाचे रूळ पुरतात, पूल स्वस्तात होतात आणि तरीही गाडीत भरपूर माल मावतो. त्यासाठी इंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटावे लागले. लीड्स येथील किटसन कंपनीने पहिली पाच इंजिने ०-८-४ या चाकरचनेत बांधली. चार जोड्या चालक चाके आणि मागे दोन जोड्या आधारचाके अशी ही रचना होती. जीर्णोद्धार करणाऱ्याला हा तपशील माहीत असावा लागतो. जाड पत्रा लावून बाष्पक ‘मजबूत’ करण्याचा मोह झाला तर आसावरचा भार वाढतो आणि ज्या हिशेबावर संपूर्ण रेल्वे उभी होती तोच बिघडतो.

सरकारने १९५४ साली ही रेल्वे विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यानंतर लगेच संपूर्ण मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. कुर्डुवाडीची नॅरोगेज कार्यशाळा मात्र टिकली, कारण तिच्याकडे माथेरानच्या गाडीच्या दुरुस्तीचे काम आले. माथेरानचा मार्ग दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरचा आहे. त्यामुळे बार्शी लाईटची चाके तिथे उपयोगाची नाहीत. तरीही लहान गेजच्या वाहनांचे आस, बफर आणि सांगाडे हाताळण्याची सवय या कार्यशाळेत होती, आणि तीच कामी आली.

उलगडणी व नोंद

इंजिन कार्यशाळेत आल्यावर पहिले काम स्वच्छतेचे नसून नोंदीचे असते. प्रत्येक भाग कोणत्या बाजूचा, कोणत्या क्रमाने निघाला, त्यावर कोणता ठसा आहे, हे लिहून व छायाचित्रांत टिपून ठेवतात. जुन्या कार्यशाळांत पितळी व लोखंडी भागांवर इंजिनाचा क्रमांक ठोकण्याची पद्धत होती. त्यामुळे एका इंजिनाच्या दांड्यावर दुसऱ्याच इंजिनाचा क्रमांक सापडणे नेहमीचे आहे. एखादे इंजिन लवकर सेवेत परतावे म्हणून शेजारच्या इंजिनाचा तयार भाग बसवला जाई. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ इंजिन म्हणतो ते बहुधा आधीच चार-पाच इंजिनांचे मिळून झालेले असते.

उलगडताना एक धोका विशेष सांभाळावा लागतो. बाष्पकाभोवती उष्णता टिकवण्यासाठी पत्र्याखाली जे आवरण असे, ते पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनंतर गंभीर आजार होतात. म्हणून ते कोरडे खरवडत नाहीत. ओले करून, मुखवटा वापरून आणि बंद पिशव्यांत भरून काढतात. हल्ली त्याऐवजी खनिज लोकर वापरली जाते.

बाष्पक

शासकीय मराठीत ज्याला बाष्पक म्हणतात आणि कारखान्यात ज्याला सर्वजण बॉयलर म्हणतात, तो इंजिनाचा सर्वांत महागडा आणि सर्वांत धोकादायक भाग होय. जीर्णोद्धाराचा निर्णय प्रायः त्याच्याच अवस्थेवर ठरतो. चाके, दांडे, सिलिंडर सुधारता येतात. बाष्पक संपला असेल तर इंजिन चौथऱ्यावरच शोभते.

रेल्वे इंजिनाच्या बाष्पकात मागे भट्टी, मध्ये पाण्याने भरलेले लांबट पिंप आणि पुढे धूरपेटी असते. भट्टीतील तप्त वायू पिंपातील अनेक नळ्यांमधून धूरपेटीकडे जातात आणि वाटेत सभोवतालच्या पाण्याला उकळवतात. चौरस इंचाला १४० पौंड हा दाब लहान इंजिनांत सामान्य मानला तर एक चौरस फूट पत्र्यावर नऊ टनांहून अधिक जोर पडतो. पिंप गोल असल्यामुळे हा जोर सहन करते, पण भट्टीच्या भिंती सपाट असतात आणि सपाट पत्रा दाबाखाली फुगू पाहतो. म्हणून भट्टीची आतली भिंत आणि बाहेरची भिंत शेकडो आडव्या खिळ्यांनी एकमेकींना बांधलेली असते. या खिळ्यांना ‘स्टे’ म्हणतात. ते दर चार इंचांवर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ चौरस इंच पत्रा, म्हणजे एक टनाहून किंचित जास्त ओढ येते.

इंजिन रोज तापते आणि थंड होते. आतली भिंत बाहेरच्या भिंतीपेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे स्टे दरवेळी किंचित वाकतो आणि वर्षानुवर्षांच्या अशा वाकण्याने तुटतो. तो तुटला हे बाहेरून दिसणार नाही म्हणून त्याच्या टोकातून आत एक बारीक भोक पाडून ठेवलेले असते. स्टे तुटला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ झिरपू लागते. ही अतिशय सोपी आणि कल्पक योजना आहे. मात्र रंगाचे जाड थर चढवताना ही भोके बुजवली जातात आणि शोभेसाठी उभ्या केलेल्या इंजिनांत ती बुजलेलीच आढळतात. जीर्णोद्धारात ती पुन्हा मोकळी करावी लागतात. एक तुटलेला स्टे आपला भार शेजारच्या चारांवर टाकतो, त्यामुळे तुटलेल्यांचा पुंजका आढळल्यास तो सगळा भाग संशयास्पद मानतात.

दुसरा शत्रू क्षार. दख्खनच्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ते उकळल्यावर नळ्यांवर व भट्टीच्या छतावर खडूसारखा कठीण थर चढतो. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. परिणामी पत्रा पाण्याने थंड राहण्याऐवजी जास्त तापतो आणि त्याची ताकद घटते. सेवेत असताना ठरावीक दिवसांनी बाष्पक रिकामा करून धुण्याची पद्धत होती ती यासाठीच. वर्षानुवर्षे न धुतलेला बाष्पक उघडला की तळाशी चिखल आणि खपल्या निघतात. त्यांच्याखालील पत्रा खड्ड्या-खड्ड्यांनी खाल्लेला असतो. पूर्वी हातोडीने ठोकून, आवाज ऐकून पत्र्याची जाडी ओळखत. आता ध्वनिलहरींच्या उपकरणाने ती दशांश मिलिमीटरपर्यंत मोजता येते आणि मूळ आराखड्यातील जाडीशी ताडून पाहता येते. हातोडीची परीक्षा तरीही सोडलेली नाही. सैल रिव्हेट आणि तुटका स्टे यांचा बद्द आवाज अनुभवी कानाला लगेच कळतो.

भट्टीच्या छतावर नेहमी पाणी असलेच पाहिजे. ते उघडे पडले तर पत्रा लालभडक होऊन खचतो आणि बाष्पक फुटू शकतो. अखेरचा उपाय म्हणून छतात शिशाने भरलेला पितळी बूच बसवतात. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. पाणी कमी झाले की ते वितळून वाफ भट्टीत सुटते आणि आग दडपते. जीर्णोद्धारात हा बूच नवाच बसवतात. जुने शिसे क्षार आणि ऑक्सिडीकरणामुळे कडक होऊन वेळेवर वितळत नाही.

नळ्या बहुतेक वेळा सगळ्याच बदलतात. नवी नळी दोन्ही टोकांच्या पत्र्यांतील भोकांत घालून आतून फिरत्या रुळांच्या हत्याराने फुगवली जाते आणि भोकाच्या कडेवर घट्ट बसते. त्यानंतर पाण्याची चाचणी होते. बाष्पक काठोकाठ पाण्याने भरून पंपाने कामाच्या दाबापेक्षा अधिक, सामान्यतः दीडपट दाब देतात. येथे वाफ किंवा हवा न वापरता पाणी वापरण्यामागे कारण आहे. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. पत्रा फाटला तर धार उडते आणि दाब क्षणात शून्य होतो. हवा किंवा वाफ असती तर तोच बाष्पक बाँबसारखा उडाला असता. ही परीक्षा उतरल्यावरच आग पेटवतात. सुरक्षा झडपा ठरलेल्या दाबाला उघडतात की नाही हे पाहिल्यानंतर बाष्पक कामास योग्य ठरतो.

कारखान्यांतील व गिरण्यांतील बाष्पकांना भारतात १९२३ चा बाष्पके अधिनियम आणि आता त्याच्या जागी आलेला २०२५ चा अधिनियम लागू होतो. रेल्वेच्या ताब्यातील इंजिनांच्या बाष्पकांची तपासणी मात्र रेल्वेचीच यंत्रणा करते. त्यामुळे सरकी-कापसाच्या जुन्या जिनिंगमधील वाफेचे यंत्र आणि रेल्वेचे इंजिन यांची दुरुस्ती तंत्रदृष्ट्या सारखी असली तरी कागदोपत्री ती दोन वेगळ्या मार्गांनी जाते.

चाके, दांडे व झडपा

इंजिनाचे चाक एकसंध नसते. ओतीव केंद्रावर पोलादी धाव चढवलेली असते आणि ही पद्धत गाडीवाल्या लोहाराला परकी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जशी तापवलेली धाव बसवतो, तशीच ही बसते. फरक मापाचा आहे. धावेचा आतील व्यास केंद्रापेक्षा साधारण एक हजारांश भागाने लहान कातला जातो. सुमारे अडीचशे अंश तापवल्यावर पोलाद जवळजवळ तीन हजारांश भागाने फुगते, तेव्हा धाव केंद्रावर सहज सरकते. थंड झाली की आवळून बसते. माप चुकून सैल राहिले तर धाव चाकावर फिरते, जास्त घट्ट झाले तर तडकते.

दोन सिलिंडरांच्या इंजिनात डाव्या व उजव्या बाजूच्या खुंट्या परस्परांशी ९० अंशांच्या कोनात असतात. एका बाजूचा दट्ट्या टोकाला थांबलेला असताना दुसऱ्या बाजूचा मध्यावर असावा आणि इंजिन कोणत्याही स्थितीतून सुटावे, हा त्यामागचा हेतू. चाके आसावरून काढून परत चढवताना हा कोन तंतोतंत राखावा लागतो. सर्व जोड्यांमध्ये तो सारखा नसेल तर जोडदांडे प्रत्येक फेरीला ताण खातात आणि बेअरिंग तापतात. ही बेअरिंग कथील, अँटिमनी व तांब्याच्या मऊ मिश्रधातूने अस्तरलेली असतात. अस्तर ओतून, खरवडून, निळा रंग लावून पुन्हा खरवडून आसाशी जुळवणे हे फिटरच्या हाताचे काम आहे, यंत्राने ते पुरते होत नाही.

झडपांची जुळणी शेवटी येते. प्रत्येक फेरीत असे इंजिन चार फुसकारे सोडते. ते समान अंतराने पडत असतील तर झडपा नीट आहेत. तीन जवळ आणि एक लांब पडला तर एका बाजूची झडप पुढे-मागे झाली आहे, हे चालकाला गाडी स्थानकातून निघतानाच कळते. मोजमापाची साधने कितीही असली तरी अंतिम निर्णय हा कानच देतो.

सांगाड्यावर बाष्पक बसवताना त्याचे पुढचे टोक घट्ट जखडतात आणि भट्टीकडचे टोक सरकते ठेवतात. तीन मीटरचा बाष्पक वाफेवर आल्यावर पाच मिलिमीटरांहून अधिक लांबतो. दोन्ही टोके जखडल्यास एक तर सांगाडा वाकतो किंवा बाष्पकाचे सांधे गळू लागतात. थंड इंजिन घाईने पेटवू नये हाही नियम याच कारणाने आहे. मंद आगीवर अनेक तास घालवून वाफ धरतात.

सुट्या भागांचा प्रश्न

या इंजिनांचे निर्माते आज त्या स्वरूपात अस्तित्वात नाहीत. त्यामुळे भाग विकत मिळत नाही, घडवावा लागतो. जुना भाग समोर ठेवून सुतार लाकडी नमुना करतो. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकुंचन पावते, म्हणून नमुना तितका मोठा ठेवतात आणि कातकामासाठी वर थोडी जाडी सोडतात. मग वाळूच्या साच्यात ओतकाम, लेथवर कातणे आणि हाताने जुळणी. या साखळीतील नमुना करणारा सुतार आज सर्वांत दुर्मीळ झाला आहे. वेल्डिंग करणारे पुष्कळ मिळतात. गरम रिव्हेट भट्टीतून काढून थंड होण्याआधी ठोकणारी जोडी मिळत नाही. तप्त रिव्हेट निवताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. त्याचे हे वैशिष्ट्य वेल्डिंगला नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

माथेरानचे ७९४-बी

नेरळ–माथेरान रेल्वे आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारली. बांधकाम १९०४ साली सुरू होऊन १९०७ साली सुमारे २१ किलोमीटरचा हा घाटमार्ग खुला झाला. जर्मनीतील ऑरेनश्टाइन आणि कॉपेल कंपनीची चार इंजिने त्यावर धावत असत. तीव्र वळणांवर चाके रुळांत अडकू नयेत म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना पोकळ नळीत किंचित सरकण्याची मोकळीक दिलेली होती. डिझेल आल्यावर ही इंजिने निवृत्त झाली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी दार्जिलिंगहून बी वर्गाचे ७९४ क्रमांकाचे इंजिन माथेरान मार्गासाठी आणण्यात आले. ते १९१७ साली अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात बांधले गेले होते. दार्जिलिंग आणि माथेरान हे दोन्ही मार्ग दोन फुटी असल्यामुळे हे स्थलांतर शक्य झाले. कोळशाऐवजी तेलावर चालण्यासाठी त्यात बदल करण्यात आला. तेलाने ठिणग्या उडत नाहीत, त्यामुळे माथेरानच्या जंगलाला वणव्याचा धोका कमी होतो. शिवाय आगीवर नियंत्रण सोपे जाते. मात्र भट्टीतील ज्वाला एकाच जागी आदळत असल्याने तिथे विटांचे अस्तर लावावे लागते आणि कोळसा मारणाऱ्या फायरमनचे कौशल्य निरुपयोगी होते. इतिहास जपण्यासाठी आणलेल्या इंजिनातून इतिहासाचाच एक भाग वजा होतो, असा आक्षेप यावर घेता येतो. घाटातल्या उन्हाळ्यातील वाळके गवत पाहिलेला माणूस मात्र तो फार ताणणार नाही.

इतरत्र झालेले प्रयत्न

भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘फेअरी क्वीन’चे आहे. हे इंजिन १८५५ साली लीड्समध्ये बांधले गेले, आणि ते घडवणारी किटसन हीच कंपनी पुढे बार्शीला इंजिने पुरवणार होती. हे इंजिन १९९७ साली दिल्ली–अलवर मार्गावर पुन्हा धावू लागले आणि नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून १९९८ साली त्याची गिनीज पुस्तकात नोंद झाली. २०११ च्या सुमारास त्याचे अनेक सुटे भाग चोरीस गेले. चेन्नईतील पेरांबूर येथे ते भाग नव्याने घडवून २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा रुळावर आले. त्याचेच भावंड ईआयआर-२१ जमालपूरला शतकभर उभे होते. पेरांबूरच्या कार्यशाळेने ते दुरुस्त करून १५ ऑगस्ट २०१० रोजी चालवले.

तमिळनाडूतील गोल्डन रॉक कार्यशाळेने वेगळा मार्ग निवडला. निलगिरी रेल्वेच्या दंतचक्राच्या एक्स वर्गातील जुनी इंजिने थकल्यावर तिने २०११ साली त्याच आराखड्यावर तेलावर चालणारे नवे वाफेचे इंजिन बांधले. हरियाणातील रेवाडी येथे १८९३ ची जुनी लोकोशेडच वारसा केंद्र म्हणून राखली असून तेथे अनेक इंजिने चालू स्थितीत ठेवली जातात. नागपूरचे मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ साली सुरू झाले. तेथील भर चालवण्यापेक्षा दाखवण्यावर आहे.

मूळ की चालू?

जीर्णोद्धारातील मतभेद प्रामुख्याने एकाच मुद्द्यावर होतात. इंजिन चालवायचे असेल तर बाष्पक, नळ्या, धावा, बेअरिंग, काही वेळा सिलिंडरही बदलावे लागतात. प्रत्येक दुरुस्तीत जुने द्रव्य कमी होते. न चालवता ठेवल्यास १८५५ चा पत्रा १८५५ चाच राहतो, परंतु बघणाऱ्याला वाफेचे इंजिन म्हणजे काय ते कळत नाही आणि चालवण्याचे ज्ञान एका पिढीत नाहीसे होते. एक मत असे की अद्वितीय, एकमेव उरलेले इंजिन हात न लावता जपावे आणि ज्याची भावंडे उरली आहेत ते चालवावे. व्यवहारात बदललेले भाग जपून ठेवणे, नव्या भागावर तारखेचा ठसा मारणे आणि केलेल्या कामाची वही इंजिनासोबत ठेवणे, हा मधला मार्ग अधिक उपयोगी पडतो. भारतात पहिल्या दोन गोष्टी अधूनमधून होतात, तिसरी क्वचितच.

उघड्यावर उभ्या केलेल्या इंजिनांची स्थिती याहून बिकट असते. त्यांच्यावर दरवर्षी रंगाचा हात फिरतो, पण धूरपेटीत साचलेले पावसाचे पाणी आणि राख यांच्या मिश्रणाने तळाचा पत्रा आतून कुजत असतो. राखेतील गंधकयुक्त द्रव्ये पाण्यात मिसळून आम्ल तयार होते. धुराड्यावर साधे झाकण घालणे, धूरपेटी झाडून कोरडी करणे आणि बाष्पकाच्या तळाचे बूच उघडे ठेवणे एवढ्या तीन गोष्टींनी अशा इंजिनाचे आयुष्य पुष्कळ वाढते. त्यासाठी कार्यशाळा लागत नाही, एक शिडी आणि एक पाना पुरतो.